मोटोक्रॉसचा गिअर: मापं आतून बाहेर घ्या

मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतीचा, गिअर (अंगावर घालायचे कपडे, बूट, हेल्मेट आणि गार्ड) बहुतेक जण उलट्या क्रमाने घेतात. आधी रंग आवडला म्हणून जर्सी-पँटची जोडी, मग हातमोजे, आणि पैसे उरले तर शेवटी गुडघ्याचे गार्ड आणि चेस्ट प्रोटेक्टर. मग ट्रॅकवर जायच्या सकाळी गार्ड बांधले की पँट गुडघ्यावर अडते, जर्सी खांद्यात आवळते, आणि माणूस गार्डच काढून ठेवतो. पडल्यावर कामाला येणारी वस्तू डिकीत राहते आणि नुसतं कापड अंगावर.

क्रम असा ठेवा: हेल्मेट आणि बूट सगळ्यात आधी, कारण त्यांचं माप डोक्यावर आणि पावलावर ठरतं, बाकी कशावर नाही. गुडघ्याला ब्रेस, म्हणजे बिजागरीचा कडक आधार, घालणार असाल तर मात्र बूट त्याच्यासकट तपासा. त्यानंतर गुडघे, कोपरं, छाती आणि पाठ यांचे गार्ड. नेक ब्रेस (मान फार झुकू न देणारी कडक कॉलर) घेणार असाल तर हेल्मेट आणि चेस्ट प्रोटेक्टर दोन्ही हातात आल्यावर. पँट आणि जर्सी गार्ड अंगावर चढवून, त्यांच्या वरून. हातमोजे कधीही घेतले तरी चालतात.

दुसरी गोष्ट, माप कोणत्या स्थितीत घ्यायचं. मोटोक्रॉसमध्ये रायडर बराच वेळ फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभा असतो. गुडघे वाकलेले, कोपरं बाहेर, छाती हँडलबारवर झुकलेली, नजर पुढे. दुकानातल्या आरशासमोर ताठ उभं राहून जे अंगाला छान बसतं ते या स्थितीत कमरेवरून वर सरकतं, मनगटावरून मागे जातं. त्यामुळे प्रत्येक वस्तू चढवल्यावर ट्रायल रूममध्येच ही पोझिशन घ्या. लोक बघतील, बघू द्या.

शिंप्याची मऊ टेप घ्या आणि मापं दुसऱ्या कुणाकडून तरी घ्या. स्वतःच स्वतःला मोजताना वाकावं लागतं आणि कंबर, छाती दोन्ही चुकतात. सगळं सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. एम, एल, एक्सएल ही अक्षरं कंपनीगणिक बदलतात, सेंटिमीटर बदलत नाहीत. मापांचा तक्ताही त्या कंपनीचा, त्या मॉडेलचाच बघा. फॉक्सचा तक्ता बघून थॉरची पँट मागवली तर नशिबावर भिस्त.

हेल्मेट

टेप भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटरवर, कानांच्या वरून, मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. दोन-तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. बऱ्याच कंपन्यांत ५५-५६ सेमी म्हणजे एस, ५७-५८ म्हणजे एम, ५९-६० म्हणजे एल असा हिशोब असतो, पण हा फक्त अंदाज. काहींचा एम ५८ वर सुरू होतो.

घेर जुळला म्हणजे हेल्मेट जुळलं असं नाही, कारण घेर सारखा असला तरी कवटीचा आकार वेगळा असतो. कुणाचं डोकं पुढून मागे लांबट, कुणाचं जवळजवळ गोल, बहुतेकांचं यांच्या मधलं. वरून काढलेल्या फोटोत हे लगेच कळतं. हेल्मेट घालून कपाळाच्या मध्यभागी ठणकायला लागलं आणि कानशिलांजवळ मात्र पोकळी वाटली, तर हेल्मेट तुमच्या डोक्यापेक्षा जास्त गोल आहे. उलट कानशिलं दाबली जातात आणि पुढे-मागे हलतं, तर ते तुमच्यासाठी फार लांबट आहे. या दोन्ही वेळी एक साइझ मोठं घेणं हा उपाय नव्हे. कपाळाचं दुखणं थांबेल, पण हेल्मेट सगळीकडून सैल होईल. मॉडेल बदला, कंपनी बदला.

आतला थर्मोकोलसारखा ईपीएसचा थर दाबून, खरवडून जागा करणारे लोक भेटतात. तसं कधीही करू नका, कुणी करून देत असेल तर करून घेऊ नका. आघात शोषायचं काम तोच थर करतो आणि तो एकदा दबला की परत फुगत नाही. कपड्याच्या आवरणातलं मऊ पॅडिंग मात्र वापराने बसतं. म्हणूनच नवं हेल्मेट थोडं जास्त घट्ट असायला हवं. दोन मापांच्या मधोमध असाल आणि लहान माप कुठेही टोचत नसेल, तर लहान घ्या.

घालून बघायची पद्धत: केस जसे ट्रॅकवर असतील तसेच ठेवा. वेणी घालत असाल तर वेणी, बालाक्लावा (डोकं-चेहरा झाकणारी पातळ टोपी) घालत असाल तर तोही. हनुवटीचे पट्टे दोन्ही हातांनी बाहेर ओढून हेल्मेट चढवा. गाल असे दाबले गेले पाहिजेत की चघळायला गेलात तर गालाची आतली बाजू दातात येईल. डबल डी रिंगचा, म्हणजे दोन कड्यांतून ओवायचा, पट्टा आवळा, इतका की पट्टा आणि गळ्यामध्ये एखादं-दुसरं बोटच जाईल. आता हनुवटीचा भाग धरून हेल्मेट डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवा. कपाळाची आणि गालांची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. कातडी जागेवर राहून हेल्मेट घसरत असेल तर ते मोठं आहे. मग दुसऱ्या कुणाला तरी मागची खालची कड धरून हेल्मेट वर आणि पुढे ढकलायला सांगा. पट्टा बांधलेला असूनही डोक्यावरून निघायला लागलं, तर ते हेल्मेट दुकानातच ठेवा.

यानंतर पंधरा-वीस मिनिटं ते तसंच घालून बसा. हा वेळ कुणी देत नाही, आणि नेमकी याच वेळात चूक उघडी पडते. पहिल्या मिनिटाला फक्त ‘घट्ट’ वाटणारी जागा दहाव्या मिनिटाला डोकं धरायला लावते. काढल्यावर आरशात कपाळ बघा. सगळीकडे सारखी हलकी लाली ठीक आहे. रुपयाएवढा लालभडक ठिपका एकाच जागी असेल तर तिथे दाब येतोय.

गॉगल बरोबर नेऊन हेल्मेटच्या खिडकीत बसवून बघा. फ्रेमची वरची कड हेल्मेटच्या काठाने दाबली गेली तर गॉगल खाली सरकून नाकावर बसतो, श्वास अडतो आणि काच धुक्याने भरते. चष्मा असेल तर चष्म्यावरून घालता येणारा ओटीजी गॉगल लागेल. त्याची फ्रेम रुंद असते, त्यामुळे हेल्मेटची खिडकीही तशीच रुंद हवी.

गालाचे पॅड बऱ्याच हेल्मेटमध्ये वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. डोक्याला अचूक पण गालाला सैल अशी स्थिती असेल तर जाड पॅड मागवा. उलट स्थितीत, म्हणजे गाल बसतात पण कवटीला सैल, पॅडने काही साधत नाही.

बूट

इथे सगळ्यात जास्त घोळ आकड्यांचा. आपल्याकडे दुकानात जो ८ नंबर मिळतो तो ब्रिटिश पद्धतीचा. अमेरिकन पद्धतीत पुरुषांसाठी तोच ९ होतो आणि युरोपियन पद्धतीत साधारण ४२. सिडी ही इटालियन कंपनी युरोपियन आकडा वापरते. अल्पाइनस्टार्सही इटलीचीच, पण तिच्या मोटोक्रॉस बुटांवर अमेरिकन आकडा असतो. ‘मला ९ लागतो’ म्हणून अमेरिकन ९ मागवला तर हातात आपला ८ पडतो, म्हणजे पाऊल आत जातच नाही. त्यामुळे बुटाचा नंबर विसरून पावलाची लांबी मिलिमीटरमध्ये काढा.

संध्याकाळी मोजा, दिवसभरात पावलं सुजतात. ट्रॅकवर घालणार तेच लांब मोजे घाला. कागद भिंतीला लावून टाच भिंतीला टेकवा, पूर्ण वजन त्या पायावर टाका आणि पेन्सिल अगदी उभी धरून सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. काहींचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, ते बघा. दोन्ही पावलं मोजा आणि मोठं धरा. चवड्याची रुंदीही लिहून ठेवा. चवडा रुंद असेल तर काही बूट लांबीला बरोबर असूनही करंगळीला मारतात. अशा वेळी एक नंबर मोठा घेण्यापेक्षा रुंद साच्याचा बूट शोधणं बरं, कारण लांबी वाढवली की घोट्याचा सांधा जागेवरून हलतो.

ही सांध्याची गोष्ट नीट समजून घ्या. मोटोक्रॉसचा बूट कडक असतो आणि बऱ्याच चांगल्या बुटांना घोट्यापाशी बिजागरी असते. ती तुमच्या घोट्याच्या हाडाच्या रेषेत आली तरच बूट तुमच्याबरोबर वाकतो आणि चुकीच्या दिशेने वाकायला अटकाव करतो. बूट मोठा असेल तर टाच आत वर उचलली जाते, बिजागरी एकीकडे आणि घोटा दुसरीकडे. मग गिअर वर टाकताना पाऊल आधी बुटात हलतं आणि नंतर बूट हलतो, त्यात शिफ्ट चुकतो. शिवाय पुढे जास्तीचा बूट असल्याने टोक लिव्हरखाली अडकतं.

घालून बघताना सगळी बक्कलं उघडा, पाऊल आत घाला आणि टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवा. मग बक्कलं खालून वर लावत या. सरळ उभं असताना बोटं पुढे हलकी टेकली तरी चालतं. गुडघे वाकवून पेगवरच्या स्थितीत आलात की बोटं मागे सरून मोकळी झाली पाहिजेत. तेव्हाही टेकत असतील तर उतारावर नखं काळी पडणार. आता चवड्यावर उभे राहा. टाच किंचित उचलली गेली तर हरकत नाही, एक सेंटिमीटरभर उचलली गेली तर बूट मोठा. बक्कलाचे पट्टे मधल्या खाचांवर बसायला हवेत. पहिल्या दिवसापासूनच शेवटच्या खाचेवर असाल तर पुढे आवळायला जागाच उरत नाही.

पोटरी भरलेली असेल किंवा गुडघ्याला ब्रेस घालणार असाल, तर बुटाचं वरचं तोंड ब्रेससकट तपासा. ब्रेसचं खालचं टोक आणि पँटच्या पायाचा खालचा भाग, दोन्ही बुटाच्या आत जातात.

नवा बूट कडक लागणारच. घरात जिने चढ-उतर करा, उकिडवे बसा, मग ट्रॅकवर काही तास द्या, तो नरम होतो. पण कडकपणा वेगळा आणि टोचणं वेगळं. नडगीवर किंवा घोट्याच्या हाडावर एकाच जागी दुखत असेल तर ते वापराने जाईल या आशेवर राहू नका.

गुडघे

ब्रेससाठी मांडीचा आणि पोटरीचा घेर लागतो. बऱ्याच कंपन्या गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून १५ सेमी वर आणि १५ सेमी खाली मोजायला सांगतात. काही वाटीपाशी गुडघ्याची रुंदीही मागतात. उभं राहून, पाय सरळ ठेवून, टेप कातडीला लागेल पण रुतणार नाही अशी धरा. मांडी एका मापात आणि पोटरी दुसऱ्यात येत असेल तर आधी कंपनीचा नियम वाचा. बहुतेकदा मांडीच्या मापाला मान द्यावा लागतो, पोटरीकडे जाड पॅड लावून सांभाळता येतं.

ब्रेस खाली सरकतो ही सगळ्यांची तक्रार. त्यामागे मोठं माप असतंच, पण बऱ्याचदा पट्टे लावायचा क्रमही चुकलेला असतो. पोटरीच्या फुगवट्याच्या वर, गुडघ्याच्या लगेच खाली जो पट्टा येतो, तो ब्रेसला धरून ठेवतो. ब्रेस किंचित वर ठेवून तोच आधी आवळा, बाकीचे नंतर. बिजागरी वाटीच्या पातळीवर यायला हवी. ती दोन सेंटिमीटर खाली गेली की गुडघा एका जागी वाकतो आणि ब्रेस दुसऱ्या जागी. गुळगुळीत टाइट्सवर ब्रेस बांधला तर तो घसरणारच. कातडीवर किंवा त्यासाठीच मिळणाऱ्या स्लीव्हवर बांधा.

साधे गार्ड घेत असाल तर खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात वाकवा. वाटी बरोबर कपाच्या मध्यावर हवी. मग वीस उठाबशा काढा. कप बाजूला फिरला किंवा मागचा पट्टा गुडघ्याच्या खळगीत काचला, तर माप बदला. कोपराच्या गार्डसाठी मूठ घट्ट आवळून पुढच्या हाताचा सगळ्यात जाड भाग मोजा. गाडी चालवताना हे स्नायू फुगतात आणि आवळ गार्डमुळे हात लवकर भरून येतात. त्यानंतर क्लच-ब्रेक धरणंच जड जातं.

छाती, पाठ, मान

पाठीच्या गार्डचं माप उंचीवरून काढू नका. कमरेपासून खांद्यापर्यंतची लांबी मोजा. ईएन १६२१-२ या युरोपियन मानकाच्या लेबलवर हीच लांबी चित्रासह छापलेली असते. दोन माणसांची उंची सारखी असली तरी एकाचे पाय लांब असतात आणि एकाचं धड. गार्ड लांब पडला की झुकल्यावर त्याची वरची कड हेल्मेटच्या मागच्या काठाला धडकते आणि मान वर करून पुढचा उतार बघता येत नाही. आखूड पडला तर कंबरेचा भाग उघडा राहतो.

पुढच्या गाड्यांच्या चाकांनी उडवलेले खडे अडवणारी साधी रूस्ट शील्ड आणि आघाताचं मानक असलेला चेस्ट प्रोटेक्टर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीवर ईएन १४०२१ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ईएन १६२१-३. बाजूचे पट्टे आवळल्यावर खोल श्वास घेता आला पाहिजे, आणि हात वर केल्यावर पूर्ण गार्ड गळ्यापर्यंत चढता कामा नये.

नेक ब्रेस चेस्ट प्रोटेक्टरवर किंवा त्याच्या आत सपाट बसला पाहिजे, तरंगता कामा नये. हेल्मेट घालून मान चारही दिशांना पूर्ण झुकवा. हेल्मेटचा काठ ब्रेसवर टेकायला हवा, गळपट्टीच्या हाडावर नाही. काही ब्रेस काही प्रोटेक्टरबरोबर बसतच नाहीत, म्हणून ही खरेदी हेल्मेट आणि प्रोटेक्टरनंतर ठेवायची.

पँट, जर्सी, हातमोजे

जीन्सवर ३२ लिहिलेलं असतं आणि टेप ३४ दाखवते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. मोटोक्रॉस पँटचे तक्ते बहुधा कमरेच्या प्रत्यक्ष घेरावर बेतलेले असतात, तेव्हा जीन्सचा आकडा टाकून मागवू नका. बेंबीच्या जरा खाली, जिथे पँट बसणार तिथे मोजा. गार्ड किंवा ब्रेस चढवून पँट घाला आणि उकिडवे बसा. मागची लवचिक पट्टी ताणली जाऊन पाठ झाकलेली राहायला हवी, आणि गुडघ्यावरचा फुगीर भाग गुडघ्यावरच यायला हवा.

इथे एक चूक फार होते. ब्रेसमुळे गुडघा आवळतोय म्हणून लोक कंबर वाढवतात. ३२ ची ३४ घेतली की गुडघ्यात जेमतेम थोडी जागा वाढते, पण कंबर सैल होऊन पँट घसरते, आसनावर कापडाच्या घड्या पडतात आणि त्या मांडी सोलतात. बाजूच्या पट्ट्यांनी इंचभर सैलपणा आवळता येतो, त्याहून जास्त नाही. गुडघ्याला जागा असलेलं मॉडेल शोधा. पँटचा पाय आखूड वाटला तर घाबरू नका, तो बुटात जाणार असतो आणि लांब असला तर उलट घोट्यापाशी गोळा होऊन रुततो.

जर्सीबद्दल फार काही नाही. आर्मर, म्हणजे छाती-पाठीचे गार्ड, आतून घालणार असाल तर आर्मरवरून छाती मोजा. हात पुढे करून कोपरं वर उचला, बाही मनगटाच्या हाडापर्यंत राहिली तर झालं.

हातमोज्यांसाठी अंगठा सोडून, बोटांच्या सांध्यांवरून तळहाताचा घेर घ्या. ज्या हाताने लिहिता तो हात मोजा. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबीही घ्या. आकड्यात माप असेल तर ८ म्हणजे एस, ९ एम, १० एल, ११ एक्सएल असा सर्वसाधारण क्रम असतो. घालून सायकलचं किंवा गाडीचं हँडल धरा आणि दोन बोटांनी लिव्हर ओढा. तळहातावर कापडाची सुरकुती पडत असेल तर ती नक्की फोड आणणार. बोटांच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त जागा नको, आणि अंगठ्याच्या बेचक्यात ओढ बसता कामा नये.

बायकांनी शक्यतो महिलांच्या कटमधलीच पँट बघावी, आणि कमरेइतकंच नितंबांचं माप महत्त्वाचं मानावं. पुरुषांची पँट नितंबांना बसवायला गेलं की कमरेत हमखास सैल होते.

मुलांसाठी

२०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची फेरी झाली. अशी शर्यत प्रत्यक्ष पाहिली की मुलं गाडीसाठी हट्ट धरतात आणि आई-वडील गिअर शोधायला लागतात. आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायची पद्धत आहे. जर्सीला ती लावा, पट्ट्यांच्या पँटलाही थोडी लावा. हेल्मेट आणि बुटांना अजिबात लावू नका. मुलाची मान बारीक असते, त्यावर मोठं आणि जड हेल्मेट डोलतं आणि खड्ड्यात आदळलं की डोळ्यांवर येतं. मोठ्या माणसांचं एक्सएस बसतंय म्हणून ते घेऊ नका. लहान शेलचं (बाहेरच्या कवचाचं), हलकं, मुलांसाठीचं हेल्मेट शोधा.

बुटात बोटांपुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा पुरे. बुटाची उंचीही बघा: मूल उकिडवं बसल्यावर बुटाची वरची कड गुडघ्याच्या वाटीला लागत असेल तर ते पेगवर उभंच राहणार नाही, बसून चालवेल. तक्त्यात ‘६ ते ८ वर्षं’ असं लिहिलेलं असलं तर तो रकाना सोडून द्या आणि सेंटिमीटर बघा. दर तीन-चार महिन्यांनी पाऊल आणि डोकं परत मोजा. खर्चाची चिंता रास्त आहे. मुलांचे बूट फाटण्याआधी लहान होतात, त्यामुळे ट्रॅकवरच्या दुसऱ्या पालकांकडून वापरलेले बूट घेणं शहाणपणाचं. वापरलेलं हेल्मेट मात्र घेऊ नका, ते कधी आपटलंय हे बाहेरून कळत नाही.

घरी आल्यावर

टॅग काढू नका. गाडी स्टँडवर लावा, खाली स्वच्छ चादर अंथरा आणि सगळा गिअर एकदम चढवा: मोजे, ब्रेस, पँट, बूट, आर्मर, जर्सी, नेक ब्रेस, हेल्मेट, गॉगल, हातमोजे. या क्रमात कुठे अडलं तर तिथेच थांबून बघा, कारण सुट्या सुट्या बरोबर बसणाऱ्या वस्तू एकत्र आल्या की एकमेकांना ढकलतात. मग पेगवर उभे राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, पाऊल पुढे काढून वळणावर असल्यासारखं बसा, मागे वळून बघा, गिअर वर-खाली करा. दहा मिनिटं असं करा. काही बदलायचं असेल तर आत्ता बदलून मिळेल. एकदा लाल माती लागली की दुकानदार परत घेत नाही.

पहिल्या दिवशी ट्रॅकवर तीन-चार फेऱ्यांनंतर थांबून बुटाची बक्कलं आणि ब्रेसचे पट्टे परत आवळा. घामाने आणि हालचालीने सगळं एक खाच सैल होतं. नंतर आंघोळीच्या वेळी अंगावरचे वळ बघा. पट्ट्याचा सरळ, फिकट वळ तासाभरात जातो. गोल, गडद आणि दुसऱ्या दिवशीही दुखणारा डाग दिसला, तर त्या जागेवर कोणती वस्तू येते ते शोधा आणि पुढच्या फेरीआधी ती बदला.